आधी कळतं ते मित्रांना

१९९० साली मी दहावीची परीक्षा दिली. त्याच परीक्षेत, मार्च महिन्यात, उल्हासनगरच्या एका केंद्रात काही तरुण घुसले आणि पेपर लिहीत बसलेल्या एका मुलीला त्यांनी वर्गातच पेटवून दिलं. बातमी आमच्या तालुक्याच्या गावात पेपरातून आली. जूनमध्ये अकरावी सुरू झाली तेव्हा वर्गातल्या मुली चार-पाच जणींच्या घोळक्याने येऊ-जाऊ लागल्या होत्या. एकीचे वडील रोज सायकलवरून सोडायला यायचे. दोन हुशार मुली तर कॉलेजात दिसल्याच नाहीत. त्यांना घरी काय काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज करता येतो. आम्हा मुलांना मात्र कोणी काहीच सांगितलं नाही. घरी नाही, शाळेत नाही, कॉलेजातही नाही. ‘अरे, उद्या तुला एखादी आवडली आणि ती नाही म्हणाली, तर तू काय करशील?’ असं जवळ बसवून विचारणारं मोठं माणूस मला तेव्हा भेटलं नाही.

आज मी एका कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, राष्ट्रीय सेवा योजनेचं काम बघतो. सोळा-सतरा वर्षांच्या मुलामुलींमध्ये माझा दिवस जातो. त्यांच्या नात्यांमध्ये शिरणारी जबरदस्ती, धमक्या, मारहाण थांबवायची असेल, तर हे काम त्यांना बरोबर घेतल्याशिवाय होणार नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. कारण साधं आहे. हे सगळं सुरू होतं तेव्हा बघायला तीच असतात. आईवडिलांना, आम्हा शिक्षकांना आणि पोलिसांना कळतं ते फार उशिरा.

आपल्याकडे या प्रकाराला एक ठरलेलं नाव आहे, ‘एकतर्फी प्रेम’. ‘एकतर्फी प्रेमातून हल्ला’ हा मथळा मी शाळेत असल्यापासून वाचतो आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटला एका तरुण प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं गेलं, तेव्हाही तो वापरला गेला. आठवडाभर झुंजून ती गेली. मला या शब्दाचा राग येतो. मुलगी नको म्हणते आहे, रस्ता बदलते आहे, नंबर बदलते आहे आणि हा तरीही तिच्या मागे आहे, यात प्रेम कुठे आहे? २०१३ च्या कायदादुरुस्तीपासून याला पाठलागाचा गुन्हा म्हणतात. आता भारतीय न्याय संहितेच्या ७८ व्या कलमात तो आहे, आणि पहिल्यांदा दोषी ठरलेल्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुलीने स्पष्ट नकार दिल्यावर तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणं, ती इंटरनेटवर काय करते यावर पाळत ठेवणं, हेसुद्धा त्यात येतं. माझ्या वर्गातल्या मुलांना हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, ‘सर, मग अर्धा वर्ग आत जाईल.’ कोणी हसलं नाही.

जून २०२३ मध्ये पुण्यात सदाशिव पेठेत एक तरुण कोयता घेऊन एका मुलीच्या मागे धावला. स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या तरुणांनी जिवावर उदार होऊन तिला वाचवलं. त्यांचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण त्या दिवसांत मी जेवढं वाचलं-ऐकलं, त्यात एक प्रश्न कुठे दिसला नाही: याला आधीच कोणी का थांबवलं नाही? कोयता बाहेर येण्याआधी काही महिने, कधी काही वर्षं, लहानलहान गोष्टी घडत असतात. त्या वेळी मधे पडायला कोयत्यापुढे उभं राहण्याइतकं धाडस लागत नाही. एक वाक्य बोलण्याचं लागतं. ते वाक्य बोलू शकणारी माणसं म्हणजे त्या मुलाचे मित्र आणि त्या मुलीच्या मैत्रिणी.

त्या लहानलहान गोष्टी काय असतात, ते मला एका हिवाळी शिबिरात कळलं. गावातल्या शाळेत मुक्काम होता. पाचव्या दिवशी संध्याकाळी, श्रमदान आटोपल्यावर, मी सगळ्यांना कागदाचे तुकडे वाटले आणि म्हटलं, नाव लिहू नका, स्वतःचं काही सांगू नका, आजूबाजूला जे पाहिलंय ते लिहा. चिठ्ठ्या पोह्यांच्या रिकाम्या डब्यात टाकायच्या. मग ट्यूबलाइटखाली बसून एकेक वाचली.

‘माझी मैत्रीण रोज झोपण्याआधी त्याला व्हिडिओ कॉल करून घरातच असल्याचं दाखवते.’ ‘त्याने तिला सगळ्या मुलांना अनफॉलो करायला लावलं. ती म्हणते तो पझेसिव्ह आहे, म्हणजे खरं प्रेम करतो.’ ‘ती ब्रेकअप म्हणाली तर त्याने हातावर ब्लेड मारून फोटो पाठवला.’ ‘ताईचा साखरपुडा झालाय. होणारे दाजी तिचा फोन तपासतात. आई म्हणते, आत्तापासून सवय झालेली बरी.’ एका मुलीबद्दल होतं की ती आपल्या मित्राचा फोन हिसकावून घेते, चारचौघांत त्याच्या थोबाडीत मारते आणि सगळे हसतात. आणि एक चिठ्ठी, बॉलपेन दाबून दाबून लिहिलेली: ‘आम्ही सगळे तिला वहिनी म्हणायचो. तिला आवडत नव्हतं हे आम्हाला माहीत होतं.’

या ‘वहिनी’वर मी थोडं थांबणार आहे. एखाद्या मुलाने ग्रुपमध्ये नुसतं सांगायचं, की ती अमुक मला आवडते. तिला विचारलेलंही नसतं. दुसऱ्या दिवसापासून ती साऱ्या टोळक्याची वहिनी होते. ती जिन्यावरून उतरली की कोणीतरी खोकतं, कोणीतरी त्याला कोपर मारतं. तिच्या क्लासच्या वेळा, एसटीचा पास कुठून कुठपर्यंतचा, ही माहिती मित्र पुरवतात. याला फिल्डिंग लावणं म्हणतात. मग एक दिवस ती नाही म्हणते. आता त्या मुलापुढे नुसता तिचा नकार नसतो, आठ-दहा मित्रांमध्ये गेलेली इज्जत असते. ‘तुझ्याकडून एक पोरगी पटेना?’ हे त्याला मित्रच विचारतात. मी अकरावीत असताना आमच्याही टोळक्यात एक वहिनी होती. मीही तिला बघून खोकलो आहे. उल्हासनगरची बातमी वाचून चार महिनेसुद्धा झाले नव्हते.

म्हणून मला वाटतं, या प्रश्नात मुलगा एकटा कधीच नसतो. त्याला हवा देणारं टोळकं असतं, आणि तेच टोळकं त्याला थांबवू शकतं. ‘बस कर, ती नाही म्हणाली ना’ हे वाक्य माझ्या तोंडून गेलं तर ते सरांचं लेक्चर होतं. त्याच्या शेजारी बाइकवर बसणाऱ्याने म्हटलं तर तो ऐकतो, निदान थबकतो.

हा निव्वळ माझा आशावाद आहे असंही नाही. हरीश सदानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘मावा’ (मेन अगेन्स्ट व्हायोलन्स अँड अब्यूज) ही संस्था १९९३ पासून मुंबईत आणि पुढे राज्यभर हेच काम करते आहे. त्यांच्या ‘युवा मैत्री’ या उपक्रमामध्ये कॉलेजातली मुलंच तयार होतात आणि आपल्यासारख्या दुसऱ्या मुलांशी बोलतात, पथनाट्यं करतात. मुंबई महापालिकेच्या ४५ शाळांमध्ये २००८ ते २०१० या काळात ‘जेम्स’ नावाचा प्रयोग झाला. कोरो ही मुंबईतली सामाजिक संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रीप्रश्नांवर संशोधन करणारी आयसीआरडब्ल्यू ही आंतरराष्ट्रीय संस्था यांनी मिळून सहावी-सातवीच्या मुलामुलींबरोबर घरकाम, शरीर, नाती, हिंसा यांवर काम केलं. जिथे नुसती मोहीम राबवली, त्यापेक्षा जिथे वर्गात बसून गटात बोलणं झालं, तिथे मुलांच्या विचारांत जास्त फरक दिसला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या सॅक्रामेंटो भागात १६ हायस्कुलांपैकी निम्म्यांमध्ये खेळाच्या प्रशिक्षकांनी हंगामभर दर आठवड्याला थोडा वेळ काढून मुलांशी मुलींना वागवण्याबद्दल बोलायचं ठरवलं. हंगाम संपेपर्यंत ही मुलं मित्राला टोकायला पुढे येऊ लागली होती, आणि वर्षभराने त्यांच्याकडून नात्यात होणारा त्रास बाकीच्यांपेक्षा कमी भरला. तोच धागा पकडून मुंबईत शालेय क्रिकेटच्या प्रशिक्षकांबरोबर ‘परिवर्तन’ हा उपक्रम झाला. कबड्डीचा किंवा क्रिकेटचा सर जे बोलतो ते मुलाच्या कानात राहतं, हे आपल्या गावांत कोणाला वेगळं सांगायला नको.

आणि तरीही आपल्या शाळा-कॉलेजांत काय चालतं? वर्षातून एकदा पोलिसांचं पथक येतं. सभागृहात मुलींना पुढे बसवतात. त्यांना कराटे शिका, रात्री उशिरा फिरू नका, अनोळखी मुलांशी चॅट करू नका असं सांगितलं जातं, टाळ्या होतात. मुलगे मागे उभे राहून मोबाइल बघतात. १९९० मध्ये जे होतं तेच आज माइक लावून होतं. २००७ मध्ये लैंगिक शिक्षणाचा अभ्यासक्रम शाळांत येऊ घातला, तेव्हा आपल्याच विधिमंडळात त्याविरुद्ध गदारोळ झाला आणि तो थांबवला गेला. ज्या महाराष्ट्रात रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२७ पासून मरेपर्यंत, १९५३ पर्यंत, खटले सोसून ‘समाजस्वास्थ्य’ हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, त्याच महाराष्ट्रात. त्या वर्षी जी मुलं सातवी-आठवीत होती, ती आज स्वतः आईबाप झाली आहेत.

मुलांना सामील करून घ्या म्हटलं की पहिला प्रश्न येतो, एवढ्याशा पोरांना काय समजतं. मी उलट विचारतो, आपल्याला किती समजतं? माझ्याच हातून झालेली एक चूक इथे लिहितो. काही वर्षांपूर्वी अकरावीतली एक मुलगी आपल्या मैत्रिणीला घेऊन स्टाफरूमच्या दारात आली. बोलली ती मैत्रीणच. एक मुलगा त्रास देत होता. आधी दोघं बोलायची, मग हिने बोलणं थांबवलं, आता तो हिचा फोटो बिघडवून सगळीकडे टाकीन म्हणत होता. मी म्हटलं, काळजी करू नका, मी बघतो. आणि संध्याकाळी मुलीच्या वडिलांना फोन केला. मला ते माझं कर्तव्य वाटलं. तिसऱ्या दिवशी वडील आले. ‘सर, तुमचे उपकार झाले,’ म्हणाले आणि मुलीचा दाखला काढून घेऊन गेले. तिला मामाच्या गावी पाठवलं. तो मुलगा वर्गात राहिला, बारावीची परीक्षा देऊन गेला. कायद्याने जे करायला हवं होतं, पोलिसांकडे किंवा १०९८ या मुलांसाठीच्या मदतक्रमांकावर कळवायला हवं होतं, तेही मी केलं नाही. ती मैत्रीण पुढे बारावी होईपर्यंत माझ्याच वर्गात होती. तिने माझ्याशी एकदाही नजर मिळवली नाही.

मुली का सांगत नाहीत, याचं उत्तर मला तिच्या त्या खाली घातलेल्या मानेत मिळालं. त्यांना त्या मुलाची भीती वाटतेच, पण घरची त्याहून जास्त वाटते. कळलं की शिक्षण बंद, फोन बंद, आणि पुष्कळदा स्थळं बघायला सुरुवात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे आपल्याकडे कोवळ्या वयातली हिंसा कॉलेजच्या कट्ट्यावर जेवढी आहे, तेवढीच मंगळसूत्राच्या आडही आहे, आणि तिकडे तर कोणी तिला हिंसा म्हणतही नाही.

कायद्याचीही एक अडचण आहे. पॉक्सोखाली, म्हणजे लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचं संरक्षण करणाऱ्या कायद्याखाली, अठराच्या आतल्या मुलामुलीची संमती संमती मानली जात नाही, आणि लैंगिक गुन्ह्याची माहिती मिळालेल्या कोणालाही ती पोलिसांना कळवावीच लागते. लहान मुलांवर हात टाकणाऱ्यांसाठी हा कायदा कडकच हवा. पण एनफोल्ड या बंगळूरूच्या संस्थेने आसाम, महाराष्ट्र आणि पश्चिम बंगालमधले २०१६ ते २०२० चे पॉक्सोचे ७,०६४ निकाल तपासले, त्यांत १,७१५ प्रकरणं आपसांतल्या प्रेमाची निघाली. जवळपास चारातलं एक. जी मुलगी आपल्या मर्जीने नात्यात गेली आणि आता त्यात मार खाते आहे, ती आमच्याकडे यावी कशी? आली तर तिच्या नात्याचाच गुन्हा होतो. विधी आयोगाने सप्टेंबर २०२३ च्या अहवालात संमतीचं वय कमी करू नये असं सांगितलं, पण सोळा ते अठरा वयातल्या अशा प्रकरणांत न्यायाधीशांना तारतम्य वापरता यावं असंही सुचवलं. ते होईल तेव्हा होईल. तोवर आम्ही शिक्षकांनी एवढं तरी करायला हवं की मुलं बोलायला बसली की आधीच सांगायचं, यातलं अमुक मी माझ्याजवळ ठेवू शकतो आणि तमुक मला कळवावंच लागेल. मग काय सांगायचं ते त्यांना ठरवू द्यावं.

तरुणांना सामील करण्याचा एक भलता अर्थही आपल्याकडे रुजला आहे, त्याची मला धास्ती वाटते. चौदा फेब्रुवारीला बागांमधून जोडप्यांना हाकलणारी, कान धरून उभं करणारी पोरंही तरुणच असतात, आणि त्यांनाही वाटतं की आपण ‘आपल्या मुलीं’चं रक्षण करतो आहोत. मुलांच्या हातात शिट्ट्या आणि ओळखपत्रं देऊन त्यांना रक्षक केलं, की ती मुलींवर पहारा ठेवू लागतात. कोण कोणाशी बोलते याच्या बातम्या घरी पोचतात. मला अशी पथकं नकोत. मला मित्र हवेत. आपल्या दोस्ताला आडवं येणारा, मैत्रिणीला ‘चुकी तुझी नाही’ म्हणणारी, आणि आपल्या आवाक्याबाहेरची गोष्ट कोणती हे ओळखणारी मुलं हवीत. हे शेवटचं फार महत्त्वाचं आहे. कोणी जिवे मारण्याची, ॲसिडची, स्वतःचा जीव देण्याची धमकी दिली, की ते ओझं सोळा वर्षांच्या मित्राने एकट्याने वाहायचं नाही. ब्लेडचा फोटो पाठवणारा मुलगा त्या मुलीला कोंडीत पकडतो हे खरं, पण तो स्वतःही बुडत असू शकतो. त्याला परत येऊन सांभाळणं हे त्या मुलीचं काम नाही. त्याच्या मित्रांनी १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतसेवेच्या, नंबरवर बोलावं, मोठ्या माणसाला गाठावं. फोटोची धमकी असेल तर सायबर गुन्ह्यांचा १९३०, जिवाची असेल तर पोलिसांचा ११२. हे नंबर आमची मुलं आता आपल्या वहीच्या पुठ्ठ्यामागे लिहून ठेवतात.

सरकारी कागदावर या सगळ्याला जागा आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने प्रत्येक शाळेत मुलामुलींच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समिती व्हायची होती, आणि तिच्यात विद्यार्थी प्रतिनिधीही घ्यायचे होते. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं उघड झालं, त्यानंतर किती ठिकाणी ती समिती झालेलीच नाही याची चर्चा झाली आणि पुन्हा आदेश निघाले. राष्ट्रीय सेवा योजनेत प्रत्येक स्वयंसेवकाचे दोन वर्षांत २४० तास असतात. झाडं लावण्यात आणि रस्ते झाडण्यात ते जातात, त्याला माझा विरोध नाही. त्यातले वीस तास मला नकार कसा द्यायचा आणि कसा पचवायचा यासाठी हवे आहेत. प्रतिनिधी निवडतानाही पहिल्या बाकावरचे, प्राचार्यांच्या मर्जीतले नकोत. ज्याच्या खोकण्यावर टोळकं हसतं, तो मुलगा मला समितीत हवा.

गेल्या वर्षी आम्ही मुलांनाच विचारलं, तुम्हाला काय हवंय. त्यांनी आधी त्रास कुठे होतो याचा एक नकाशा काढला. ड्रॉइंगच्या कागदावर, स्केचपेनने. कॉलेजच्या आवारात त्यांनी फारशा लाल खुणा केल्या नाहीत. खुणा होत्या एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला, क्लासच्या बोळात, झेरॉक्सच्या दुकानापाशी आणि संध्याकाळी सव्वापाचच्या गाडीत. त्या गाडीत मुलींच्या शेजारी जागा मिळेल अशा बेताने टोळकी चढतात, हे वीस वर्षांत माझ्या कानावर आलेलं नव्हतं. मुलींना बारावीपर्यंत एसटी मोफत आहे, पण त्या गाडीत चढायला धीर लागतो. मग त्यांनी तक्रारपेटीचा विषय काढला. आमची पेटी प्राचार्यांच्या दालनासमोर, बरोबर सीसीटीव्हीच्या खाली होती. ‘सर, त्यात चिठ्ठी टाकताना पूर्ण स्टाफ बघतो,’ असं एक मुलगी म्हणाली. मुलांनीच ती हलवून वाचनालयाच्या जिन्याखाली लावली. आणि एक अट घातली. तक्रार आली की मुलीच्या घरी फोन करण्याआधी तिला विचारायचं, ‘तुला काय हवंय?’ ही अट मांडली तेव्हा मी खाली बघत होतो.

पहिल्या महिन्यात पेटीत तीन चिठ्ठ्या निघाल्या. एक वर्गातल्या बंद पंख्याबद्दल. एक सव्वापाचच्या गाडीबद्दल, त्यावर आम्ही आगारात जाऊन भेटलो. तिसरी एका मुलाची होती. मित्राचं नाव लिहिलं होतं, स्वतःचं नव्हतं. ‘तो तिच्या घराखाली जाऊन उभा राहतो. माझं ऐकत नाही. कोणीतरी बोला त्याच्याशी, पण आधी घरी सांगू नका.’

बारावीतला एक मुलगा आणि मी, असे दोघं मिळून त्याच्याशी बोलायला गेलो. पहिल्या दिवशी तो काहीच बोलला नाही. आता आठवड्यातून एकदा तो स्वतःच येतो. त्या मुलीच्या घराखाली जाणं त्याने थांबवलं आहे, हे आम्ही तिच्या मैत्रिणीकडून खात्री करून घेतलं.